काल येते

फियाटच्या सीटा आणायला मल्हारराव मोहिते सकाळी साडेदहाला घरून निघाले तेव्हा त्यांच्या डोक्यात मरून रंगाशिवाय दुसरं काही नव्हतं. बगलेत एक जुनी पांढरी चादर होती, वाटेत सीटांवर धूळ बसू नये म्हणून. हातगाडीवाला ठरलेला होता. आणि येताना कोथिंबीर आणा, पण पिवळी पडलेली आणू नका, असं रुक्मिणीबाईंनी दोनदा बजावलं होतं.

गाडी बासष्टची. लोक जिला लाडानं डुक्कर फियाट म्हणतात ती; पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गोल पाठीची, रागावल्यासारख्या तोंडाची. मल्हाररावांचे पणजोबा देवासच्या धाकट्या पातीच्या राजाच्या बग्गीखान्यात होते, म्हणजे घोड्यांपासून घराण्याला चाकांचं वेड. वडिलांनी ही गाडी धारच्या एका वकिलाकडून घेतली आणि तेव्हापासून पन्नासएक वर्षं ती मोहित्यांच्या अंगणात आहे. त्यातली शेवटची काही वर्षं विटांवर.

देवासात, टेकडीखालच्या त्या गल्लीत, मल्हाररावांची ओळख दोनच गोष्टींनी होती. एक ही फियाट आणि दुसऱ्या त्यांच्या थापा. कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढली, पण हात पान्यावर आणि जीभ मोकळी. कन्नौदच्या घाटात एकदा बिबट्या आडवा आला म्हणे. यांनी काच खाली केली, तर त्यानं पंजे जोडून लिफ्ट मागितली. मागच्या सीटवर शहाण्यासारखा बसला. घाट संपल्यावर उतरला. "आणि बरं का," मल्हारराव बोट वर करून सांगत, "उतरल्यावर दार इतकं हळू लावलंन! आमच्या गुड्डीसारखं आपटलं नाही."

गल्ली हसायची. सगळ्यांत जास्त हसायची ती त्यांची लेक गुड्डीच. आणि स्वयंपाकघरातून रुक्मिणीबाई ओरडायच्या, "बिबट्याला जमतं, तुला जमत नाही! हळू लाव गं!"

तर सीटा. भेरूलाल सीटवाल्याचं दुकान स्टेशनकडच्या रस्त्याला. मल्हारराव पोचले तेव्हा तो तोंडात खिळे धरून स्टुलावर बसला होता आणि त्याच्यामागे भिंतीला टेकवून फियाटच्या दोन्ही सीटा उभ्या होत्या. नव्या कोऱ्या. हळदीसारख्या पिवळ्या.

"भेरू भिया, या कुणाच्या?"

"आपरीच नी." त्यानं खिळे हातावर काढले. "देख लो, सिलाई में कसर हो तो बोलना."

"अरे, मी मरून सांगितला होता! तुझ्या वहीत लिहिलाय!"

"हाव, मरून ही लिखा था. पण कल बिटिया आई थी नी आपकी. बोली, काका, मरून मत लगाना, पीला लगाओ. बाबा को मैं बता दूँगी. रातभर जागकर बनाई है, भिया."

मल्हाररावांनी चादर एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

"कोण... कोण बिटिया?"

"लो! आपरी बिटिया, और कौन. नाक तो पूरा आपका. पीला दुपट्टा, मुँह पे मास्क. खाँस रही थी बहुत. मैंने बोला, बैठो, पानी पियो. तो बोली, ना काका, बैठूँगी नहीं. बाबा निघालेत. मुझे लेने आ रहे हैं."

दुकानात नव्या रेक्झिनचा आणि सोल्यूशनचा वास दाटला होता. मल्हारराव एका उघड्या स्प्रिंगच्या सांगाड्यावर बसले. स्प्रिंगा रुतल्या, तरी उठले नाहीत.

गुड्डीला जाऊन चार वर्षं झाली होती.

कागदोपत्री तिचं नाव उर्वशी. शाळा, कॉलेज सगळं हिंदीत, त्यामुळे मराठीची गाडी एका बाजूला ओढायची. घरात मराठीच बोलायची, पण अधूनमधून अशी काही फेक करायची की मल्हाररावांना आठवडाभर पुरायची. सगळ्यांत लाडकी चूक 'काल'ची. हिंदीत गेलेला दिवसही कल आणि येणारा दिवसही कल. गुड्डीनं मराठीतही तेच चालवलं. उद्या हा शब्द तिच्या तोंडी कधी बसलाच नाही.

"बाबा, काल माझा पेपर आहे."

"मग? पास झालीस की नापास?"

"बाबा!"

पुढे ती धार जिल्ह्यात, पार खाली डहीला शाळेवर शिक्षिका म्हणून लागली. चार वर्षांपूर्वीच्या चैत्रात, दवाखान्यांपुढे रांगा लागल्या होत्या त्या दिवसांत, तिला ताप आला. तिकडच्या लोकांनी धारला आणून दवाखान्यात ठेवली. मल्हाररावांची धाकटी बहीण मधुवंती धारलाच राहते. ती काचेपलीकडून बघून यायची. रस्ते बंद होते, पास मिळत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गुड्डीचा फोन आला.

"बाबा, मी ठीक आहे. डॉक्टर बोलले, काल सोडतील. काल येते मी."

मल्हाररावांच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि जीभ सुटली. "काल येतेस? मग आलीच असशील की! रुक्मिणी, बघ गं, ओट्यापाशी उभी आहे का गुड्डी!"

ती हसली. हसता हसता खोकायला लागली, ती बराच वेळ. मल्हारराव फोन कानाला लावून तो खोकला ऐकत राहिले. थांबल्यावर, तिला बरं वाटावं म्हणून, म्हणाले, "तू एकटी निघू नकोस. मी येतो घ्यायला. फियाट घेऊन."

"चालू झाली?"

"एका सेल्फात! हा बघ, निघालोच. खाली हॉर्न वाजला की ये."

फियाट तेव्हा विटांवर होती. चाकंसुद्धा नव्हती तिला. मल्हारराव त्या दिवशी निघाले नाहीत, निघू शकलेही नसते. सकाळी पासाचं बघू म्हणून ते झोपले, आणि पहाटे मधुवंतीचा फोन आला. पुढचं सगळं पांढऱ्या पोशाखातल्या परक्या माणसांनी केलं. पोरीचं तोंड आईनं पाहिलं नाही, बापानं पाहिलं नाही.

हे सगळं त्यांनी गिळलं होतं. पण यंदाच्या संक्रांतीला मधुवंती आली आणि तिळगूळ हातावर ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघून गेलं, "दादा, चार वर्षं सांगेन सांगेन म्हणत होते. त्या रात्री ती झोपलीच नाही रे. खिडकीकडे तोंड करून पडून होती. नर्सला सांगत होती, बाबा निघालेत, आमच्या फियाटचा हॉर्न वाजला की मला उठवा."

दुसऱ्या दिवशी मल्हाररावांनी फियाटवरची ताडपत्री काढली.

त्यांना गाडी कुठं न्यायची नव्हती. एवढंच वाटत होतं की ती एकदा खरंच चालू व्हावी. आणि गुड्डीला एक वाक्य सांगायचं होतं. मी निघालोच नव्हतो गं. एवढंच. फोटोसमोर उभं राहून ते त्यांना कधी जमलं नव्हतं. तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी, बिबट्यासारखं, बाहेर पडायचं.

सीटा घेऊन ते घरी आले. कोथिंबीर विसरली.

रोज संध्याकाळी पाच वाजता गाडीचा एक फोटो काढायचा आणि मधुवंतीला पाठवायचा असा त्यांचा दोन महिन्यांचा नेम होता. आज कार्बोरेटर उतरवला, आज पत्रा घासला, आज पुट्टी भरली. हातगाडीवाला गेल्यावर अंगणात त्यांनी फोन काढला आणि कालचा फोटो उघडला.

काल संध्याकाळी गाडीत सीटा नव्हत्याच. त्या भेरूलालकडे होत्या. आत नुसता गंजका पत्रा होता आणि स्टिअरिंग. त्यांनी स्वतः वाकून, बोटानं काच पुसून फोटो काढला होता.

आता त्या फोटोत मागच्या खिडकीत कुणीतरी बसलं होतं.

जिथं सीट नव्हती तिथं, सीटवर बसावं तितक्याच उंचीवर. खांद्यावर पिवळा दुपट्टा. तोंड पलीकडे, फाटकाकडे वळवलेलं. मोटारीची वाट बघणारं माणूस बसतं तसं.

मल्हारराव गाडीपाशी गेले. मागचं दार उघडलं. फाल्गुनाचं ऊन पत्र्यावरून हातभर वर थरथरत होतं, पण आतून गार वारा आला आणि त्याबरोबर वास... फिनाइलचा, आणि ओल्या गॉजचा.

त्यांनी मधुवंतीला फोन लावला. "मधू, कालच्या फोटोत..."

"मी तो काढून टाकला दादा." तिचा आवाज खाली गेला होता. "काल पाठवलास तेव्हा नीट होता. सकाळी बघते तर... पुन्हा पाठवू नकोस. पाया पडते."

त्यांनी तिला पाठवणं बंद केलं. काढणं बंद केलं नाही.

आता गंमत बघा. गंमत म्हणायची आपली पद्धत. आज काढलेला फोटो आज कितीही वेळा बघा, त्यात गाडी आणि गाडीच. दिवस उलटला, सकाळी तोच फोटो उघडला, की त्यात गुड्डी. एका दिवशी मागे. चार दिवसांनी पुढे, डाव्या बाजूला, कोपर खिडकीबाहेर काढून, लहानपणी बसायची तशी. मल्हारराव पाच वाजता गाडीपाशी खुर्ची टाकून डोळे फाडून बसू लागले. चिमणी आली, शेजारच्या यमुनाबाईंचं मांजर आलं, सावली लांबली. ती आली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई, ज्यांना ऐंशीव्या वर्षी कोण आहे आणि कोण गेलं याचा मेळ राहिलेला नव्हता, कुंपणावरून म्हणाल्या, "मल्हार, काल गुड्डी किती वेळ तुझ्या खुर्चीमागं उभी होती रे. पोरीला बस तरी म्हणावं."

काल. नेहमी काल. शब्द दिला होता पोरीनं आणि शब्दाला जागत होती. काल येते म्हणाली होती. रोज कालच येत होती. बाप आजमध्ये अडकलेला.

त्यांनी रुक्मिणीबाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"जन्मभर थापा ऐकल्या तुमच्या. हसले. पण गुड्डीवरून मारलीत तर मी हे घर सोडून जाईन. सांगून ठेवते."

"अगं, फोटो बघ!"

रुक्मिणीबाईंनी चष्मा लावला. फोन हातात घेतला. खूप वेळ बघितलं.

"मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि फोन पालथा करून परत दिला.

त्या दिवसापासून संध्याकाळच्या चहाला ट्रेमध्ये तीन कप येऊ लागले.  तिसऱ्या कपावर साय धरायची, तो तसाच गार व्हायचा, आणि रुक्मिणीबाई तो तुळशीत न ओतता झाकून ठेवायच्या. सकाळी तो रिकामा असायचा.

काम मात्र आता विलक्षण चाललं होतं. हात स्वतःहून पान्याकडे जात. पाडव्यानंतर चाकं चढली. विटा काढल्या तेव्हा गाडीनं एक सुस्कारा टाकला, चारी टायरांवर जरा दबली आणि उभी राहिली. पिवळ्या सीटा बसल्या. मागच्या सीटवर त्यांनी ती पांढरी चादर टाकली. आणि गुड्डीच्या तिथीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पावणेपाचला, सेल्फ मारल्याबरोबर इंजिन सुरू झालं.

एका सेल्फात. चार वर्षांपूर्वीची थाप त्या क्षणी खरी झाली.

आवाज ऐकून रुक्मिणीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मल्हारराव उतरले, वळसा घालून डाव्या बाजूनं आत बसले. स्टिअरिंगपुढची जागा रिकामी ठेवली. गाडी झाली की मीच चालवणार, असं गुड्डी सातवीपासून म्हणत आली होती.

"फोटो काढ," ते म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी काढला. मग मल्हाररावांनी हात लांब करून हॉर्न दाबला. जुना, घोगरा, दोनदा अडखळून वाजणारा हॉर्न. टेकडीकडून तो परत ऐकू आला. ते शेजारच्या रिकाम्या पिवळ्या सीटकडे वळले. वाक्य ओठांवर होतं. मी निघालोच... पण तोंड काही उघडलं नाही.  इंजिन थरथरत होतं आणि त्या थरथरीनं रिकामी सीटही हलत होती. सहा वाजता किल्ली फिरवून ते आत गेले आणि न जेवता झोपले.

सकाळी उठले तर रुक्मिणीबाई ओट्यापाशी गुणगुणत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा.

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "काल एकदाचं बोललात."

"मी?"

"मग कोण? ती पण किती वेळ ऐकत होती. मी इथं खिडकीतून बघत होते, मधे आले नाही."

मल्हाररावांनी दाराची चौकट धरली. "रुक्मिणी... काल मी तोंडसुद्धा उघडलं नाही गं."

"असं काय करता? रडलात की तिच्यासमोर. म्हणालात, मी निघालोच नव्हतो. गाडीला चाकंच नव्हती. तुला हसवायला बोललो."

"आणि ती?"

रुक्मिणीबाईंनी कप पुसून पालथा घातला.

"हसली. म्हणाली, मला माहीत होतं बाबा. तुम्ही एका सेल्फात म्हणालात तेव्हाच कळलं, थाप आहे. फियाट कधी एका सेल्फात चालू झाली होती का? पण मला ऐकायला छान वाटत होतं. म्हणून वाट बघितली."

मल्हारराव तिथंच पाटावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. बायकोनं जन्मात कधी थाप मारली नव्हती. ही पहिली असली तर तिच्या पायावर डोकं ठेवावं इतकी ती मोठी होती. आणि खरं असलं तर... खरं असलं तर पोरगी समोर बसून हसली होती, बापाला माफ केलं होतं, आणि बापाला त्यातलं अक्षर आठवत नव्हतं. भेट झाली होती. कालमध्ये झाली होती. ती त्यांच्या वाट्याला ऐकीवच येणार होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, फोन घेतला आणि कालचा फोटो उघडला. दोघं दिसतील, असं त्यांना वाटलं होतं. किंवा ते एकटे.

फोटोत अंगण होतं. तुळस होती. जिथं गाडी उभी होती तिथं जमिनीवर तेलाचा काळा डाग आणि बाजूला रचलेल्या विटा. फाटक सताड उघडं. गाडी नव्हती. आत बसलेले मल्हाररावही नव्हते.

हातातला फोन वाजला. मधुवंती.

"दादा?... दादा, तूच बोलतोयस नं?"

"मीच. काय झालं गं?"

"बरा आहेस नं तू?" ती कुजबुजत होती, शेजारी कुणी झोपलं असावं तसं. "मला कळत नाही कसं सांगू. काल पाचच्या सुमारास दारात फियाटचा हॉर्न वाजला. तोच रे, अडखळणारा. मी बाहेर आले. गाडी चालू होती. गुड्डी चालवत होती दादा... देवाशपथ. मास्क नव्हता. इतकी टवटवीत. मी हाक मारली तर काच खाली करून म्हणाली, आत्या, थांबत नाही, बाबांना न्यायला आले होते."

अंगणात ऊन होतं. कुठंतरी भोंग्यावर भाजीवाला ओरडत चालला होता.

"आणि मी?" मल्हाररावांनी विचारलं. "मी कुठं होतो, मधू?"



"तू मागं होतास. पिवळ्या सीटवर. आडवा. अंगावर पांढरी चादर... तोंडावरूनसुद्धा." तिचा आवाज फुटला. "पण मग सकाळी मला आठवलं, आपण काल रात्री आठला फोनवर बोललो. बोललो नं दादा? बोललो होतो नं आपण?"

काल रात्री आठला मल्हारराव झोपलेले होते.

"बोललो की," ते म्हणाले. "तू आराम कर. ऊन फार आहे." आणि फोन ठेवला.

ते चपला न घालता अंगणात आले. फियाट जागेवर होती. फाटक बंद होतं. पुढचं झाकण त्यांनी तळहातानं चाचपलं. गरम होतं, पण उन्हाचंही असेल. पुढच्या काचेवर मात्र बारीक लाल धूळ बसली होती. देवासची माती काळी. त्यांनी मागच्या काचेतून आत बघितलं. परवा टाकलेली पांढरी चादर आता घडी करून ठेवली होती, चारी कोपरे जुळवून, आणि घडीवर बशीचा ओला गोल उमटलेला होता.

मग त्यांच्या ध्यानात आलं. इतके दिवस ते गुड्डीचा शब्द आपल्या मराठीत ऐकत होते. गुड्डीच्या मराठीत उद्या नव्हताच. तिला जे जे पुढं होतं तेही कालच. मधूनं पाहिलेला काल अजून यायचा होता.

आश्चर्य असं की भीती वाटली ती थोडाच वेळ. छातीत डावीकडं कालपासून काहीतरी दडपून बसलं होतं, इंजिन उचलल्यानं असेल म्हणून त्यांनी तिकडं लक्ष दिलं नव्हतं. त्यावर त्यांनी हात ठेवला. मग फडकं घेतलं आणि काचेवरची ती लाल धूळ सावकाश पुसली, म्हणजे रुक्मिणीच्या नजरेला पडायला नको. आत आले.

रुक्मिणीबाई तिसरा कप विसळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कुणाचा फोन?"

"मधूचा."

"काय म्हणाली?"

जन्मभर हजार थापा मारलेल्या माणसाला एवढी एक मारताना जड गेलं. "काही नाही. बोलावतेय. म्हटलं, एक चक्कर टाकावी धारला. गाडी घेऊन." ते थांबले. "काल जातो."

रुक्मिणीबाई हसल्या. हसताना त्यांचे खांदे हलले, आणि मग जरा जास्तच हलत राहिले.

"काल काय हो? उद्या म्हणा. तुम्हीसुद्धा अगदी तिच्यासारखं..."

बाहेर फियाटचं दार धाडकन आपटलं. ओट्यावरचे कप खुळखुळले.

आणि रुक्मिणीबाई, मान न वळवता, नळाखालचा हात न काढता, सवयीनं ओरडल्या,

"हळू लाव गं!"